साधा, सोपा व आकर्षक

डिसेंबर अर्धा सरला की घोडपदेवच्या स्टेशनरीच्या दुकानांत ज्वालामुखी येतात. दाराशी सांताक्लॉजच्या टोप्या लटकत असतात, काउंटरखाली संक्रांतीच्या पतंगांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात आणि या दोहोंच्या मधे एक तिसरा सण अंग चोरून बसलेला असतो. त्याला सुट्टी नसते, फराळ नसतो, खर्च तेवढा असतो. त्याचं नाव शालेय विज्ञान प्रदर्शन. दुकानदाराला गिऱ्हाईक लांबूनच कळतं. मूल पुढे आणि आई मागे असली तर वही नाहीतर पेन. आई पुढे, मूल मागे आणि बाप रस्त्यावर स्कूटर चालू ठेवून उभा असला तर प्रदर्शन. मग तो काही न विचारता म्हणतो, “ज्वालामुखी, सौरमाला की पवनचक्की?” सगळं तयार, रंगवलेलं. घरी नेऊन मुलाचं नाव तेवढं चिकटवायचं.

यंदा आमच्या घरी हा सण आला. पुतणी सहावीत. शाळेने पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘प्रयोग साधा, सोपा व आकर्षक असावा. पालकांनी मदत करू नये.’ यातल्या दुसऱ्या वाक्याचा घोडपदेवपासून दादरपर्यंतचे सगळे पालक एकच अर्थ लावतात, की केलेली मदत दिसू नये. वहिनीने कागद वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. दादाच्या पाळ्या बदलत्या, म्हणून घरातलं विज्ञान माझ्या वाट्याला येतं. मी बी.कॉम. आहे. पण पेपरातली आरोग्याची पुरवणी मी वाचतो आणि उडालेला फ्यूज मी घालतो. एवढ्या भांडवलावर आमच्या चाळीत माणूस शास्त्रज्ञ ठरतो.

त्यात सहावी म्हणजे जोखमीचं वर्ष. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं, ती सहावीच्या आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. आमच्याकडे तिचं नाव नुसतं ‘होमी भाभा’. “तुमची होमी भाभाला बसलीय का हो?” असं बायका नळावर एकमेकींना विचारतात. देशाला अणुशक्ती मिळावी म्हणून झटलेल्या त्या मोठ्या माणसाला स्वप्नातही वाटलं नसेल की पुढे आपल्या नावाने घोडपदेवच्या नळावर पोरी मापल्या जातील. आमची बसली नव्हती. तेव्हा निदान शाळेच्या प्रदर्शनात तरी नाक राहिलं पाहिजे, असं वहिनीचं म्हणणं.

चाळीत कुठलीही गोष्ट एका खोलीत राहत नाही. संध्याकाळपर्यंत गॅलरीत समिती बसली.

पहिली सूचना अर्थातच ज्वालामुखीची. मी ज्वालामुखीच्या विरोधात आहे. थर्माकोलचा डोंगर करायचा, त्याच्या पोटात खायचा सोडा घालायचा, वरून व्हिनेगर ओतायचं आणि लाल रंगाचा फेस वाहू लागला की टाळ्या घ्यायच्या. फेस येतो तो आम्ल आणि सोडा भेटल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. त्याचा ज्वालामुखीशी संबंध एवढाच, की दोन्ही वरून खाली वाहतात. आणि हा शंकूच्या आकाराचा, माथ्यावर भोक असलेला डोंगर आपल्याकडचा नव्हेच. आपल्या पायाखालचा काळा दगड खऱ्याखुऱ्या लाव्ह्याचा आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पण दख्खनचा तो लाव्हा बहुतेक जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून तर सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. गावी जाताना घाटात बसच्या खिडकीतून ते थर मोजता येतात. हे सगळं मी समितीला सांगितलं. वहिनी म्हणाली, “भावजी, भेग आकर्षक दिसेल का?” नाही दिसणार. शिवाय थर्माकोलच्या मखरांवर २०१८ साली बंदी आली, तेव्हापासून आमच्या भागातले मखरवाले पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळले. बाप्पाला जे चालत नाही ते परीक्षकांना कसं चालेल, हा माझा शेवटचा मुद्दा होता आणि तोच काय तो लागू पडला.

शेजारचे काका पोर्ट ट्रस्टातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. आता त्याचं नाव पोर्ट प्राधिकरण झालंय, पण ते म्हणतात पेन्शन ट्रस्टाची आहे. ते म्हणाले, “लिंबाची बॅटरी कर. लिंबात वीज असते.” लिंबाच्या एका बाजूला तांब्याची तार आणि दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसायचा. दोघांमध्ये एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, हे खरं. मात्र वीज लिंबाची नसते. जस्त हळूहळू विरघळतं, त्याची असते. लिंबू फक्त मधला दलाल. काकांनी ट्रंकेतून जुन्या टॉर्चचा दिवा काढला आणि लिंबांची रांग लावली. दिवा ढिम्म. त्या दिव्याला जेवढा प्रवाह लागतो तेवढा लिंबांच्या रांगेतून कधी निघायचा नाही. छोटा लाल एलईडी असता तर तीन-चार लिंबांत मिणमिणला असता, पण काका जुन्या वळणाचे. त्यांच्या मते जो जळत नाही तो दिवाच नव्हे. शेवटी वहिनीने उरलेल्या लिंबांचं सरबत केलं. खिळे टोचलेली लिंबं मात्र तिने कोणाला पिऊ दिली नाहीत. शनिवार होता, ती कोणीतरी मिरच्या ओवून दाराला बांधली.

तळमजल्यावरचे मामा दारूखान्यात भंगाराच्या धंद्यात आहेत. रे रोडच्या पलीकडच्या त्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडतात. तिथल्या लोखंडाला मामा ‘माल’ म्हणतात आणि त्याच्या गंजाला ‘तूट’. त्यांनी सुचवलं, “तीन बाटल्यांत तीन खिळे ठेवायचे. एक कोरडा, एक उकळलेल्या पाण्यात वर तेलाची साय देऊन, एक साध्या पाण्यात. गंजतो कोण बघायचं.” प्रयोग नामी आहे. गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे त्यातून चोख कळतं. पण पुतणीने गॅलरीच्या कठड्यावर नख मारलं, पापुद्रा निघाला, आणि ती म्हणाली, “मला माहितीय काय होणार. मग कशाला करायचं?”

समिती गप्प झाली. एवढ्या सूचनांमध्ये हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. आम्ही सगळे मनात एक पक्कं उत्तर धरून त्याला शोभेल असा प्रयोग शोधत होतो. पोरीला उलटं हवं होतं. शाळेच्या कागदावर याविषयी काही म्हटलेलं नव्हतं.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर उलटा पेला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं. यावर मायकेल फॅरेडेचं नाव घ्यायचंही माझ्या मनात होतं. तो मोठा शास्त्रज्ञ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी व्याख्यानं द्यायचा. १८६०-६१ च्या हिवाळ्यात त्याने सहा व्याख्यानं एका मेणबत्तीवर दिली. एवढ्याशा ज्योतीवर सहा दिवस! आमच्याकडे सहा दिवस लाइट गेली तरी मेणबत्तीवर कोणी एवढं बोलणार नाही. असो. शाळेत आम्ही शिकलो ते असं : ज्योत ऑक्सिजन खाते, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढंच चढतं. पुतणी खाली वाकून बघत होती. ती म्हणाली, “पण जळताना तर चढतच नाही. विझल्यावर एकदम चढतं.” मग तिनेच एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, ताटली तीच, पाणी मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वर आलं. आता पेल्यातला ऑक्सिजन काही तिप्पट झाला नव्हता. खरी गोष्ट अशी, की ज्योतीने पेल्यातली हवा तापून फुगते, थोडी कडेने बुडबुड करत निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. एवढा सुरेख प्रयोग, आणि तोही आमच्या पिढीचं पाठ केलेलं उत्तर पाडणारा. पण हॉलमध्ये पेटतं काही आणायचं नाही असं शाळेतून कळलं. वर “पुस्तकात ऑक्सिजन आहे ना, मग ऑक्सिजनच लिहायचं,” असाही निरोप आला. वहिनीने काडेपेटी फडताळात वर ठेवली.

या सगळ्या काळात अण्णा, म्हणजे माझे वडील, गॅलरीच्या टोकाला खाटेवर पेपर घेऊन पडले होते. अण्णांचं विज्ञानाशी काही वाकडं नाही, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि न विचारता बोलायचं नाही ही त्यांची गिरणीतली शिस्त. साचे खात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची हयात गेली. आधी बदली, मग कायम, मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांतले एक. खात्यात साच्यांचा एवढा खडखडाट असायचा की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. त्यामुळे अण्णांचा आवाज मोठा आणि शब्द थोडे. 

पुतणीच त्यांच्या खाटेवर जाऊन बसली. “आजोबा, तुम्हाला शाळेत कुठला प्रयोग होता?”

“चौथीत शाळा सुटली गो बाय. मग सगळे प्रयोग आमच्यावर.” मग जरा वेळाने म्हणाले, “खात्यात छपरातनं पाण्याचा फवारा यायचा. बारीक, धुक्यागत. कशासाठी, सांग.”

“उकडायचं म्हणून?”

“उकडायचं तर होतंच. खिडक्या बंद. पण माणसासाठी कोण फवारा लावील? तारेसाठी. हवा सुकली की तार तुटते. ओली तार तुटत नाय.”

गिरणीत धाग्याला तार म्हणतात, हे तिला माहीत होतं. पण बाकीचं काही तिला पटेना. “असं कसं? ओला कागद तर लगेच फाटतो.”

“कागदाचं मला नाय ठाऊक. तारेचं सांगतो.”

“पण कागद पण झाडाचा आणि कापूस पण झाडाचा.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. काकांनी लिंबांकडे बघितलं. घोडपदेवच्या त्या अख्ख्या गॅलरीत उत्तर कोणाकडेच नव्हतं, आणि पुतणीच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा उजेड पडला. “हाच करू या,” ती म्हणाली.

आता हे करायला काय लागतं? धागा, पाणी आणि टांगायला काहीतरी. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन किती पोरांना विज्ञान शिकवलं. त्यांनाही आमचं सामान गरिबाचं वाटलं असतं. मी वहिनीच्या शिलाईच्या डब्यातलं रीळ काढलं. अण्णांनी धाग्याचं टोक हातात घेतलं, चिमटीत फिरवलं आणि काडी ओढली. टोक पेटायच्या ऐवजी वितळलं, आकसलं आणि त्याचा काळा कडक मणी झाला. “पोलिस्टर,” अण्णा म्हणाले आणि रीळ बाजूला ठेवलं. मग रोज येणाऱ्या फुलपुडीचे दोरे वहिनी गुंडाळून ठेवते, तो गुंडा आणला. त्याचं टोक भुरकन जळलं, जळक्या कागदाचा वास आला, बोटांत मऊ राख. सुती. पण तो शंभर पुड्यांचा दोरा, जागोजागी गाठी. अण्णा म्हणाले, “एकाच कांडीवरला पाहिजे. नायतर कशाची कोणाशी तुलना करशील?” शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात पतंगाची सद्दी मिळाली. काच न लावलेला साधा सुती दोरा. दुकानदाराने सवयीने विचारलं, “ज्वालामुखी घेतला नाही?”

वजन कशाचं टांगायचं, हे पुतणीने ठरवलं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली दोऱ्याला बांधायची आणि तिच्यात पाणी ओतत जायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजू नको. मापाला वरच्या मजल्यावरच्या बाळाची दुधाची बाटली आणली. तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. बाळाने थोडा निषेध नोंदवला. रिकाम्या बाटलीचं वजनही धरायला हवं, हे पुतणीच्याच लक्षात आलं, आणि ती ते वाण्याकडे करून आली. वाण्याने बाटली काट्यावर ठेवली आणि विचारलं, “एवढंच?” वहिनीची अट एक : पाणी सकाळी नळाला दोन तास येतं, थेंबही वाया जाता कामा नये. म्हणून बाटलीच्या खाली बादली. धागा तुटला की बाटली बादलीत, पाणी पुढच्या फेरीला.

पहिले काही धागे तुटले ते सगळे गाठीपाशी. पुतणी वैतागली. कारण गाठीपाशी तुटला म्हणजे धाग्याची ताकद कळली नाही, गाठीची कळली. दोरा गाठीत वळतो, स्वतःवरच दाबला जातो, तिथे सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि तो तिथे आधी जातो. अण्णा उठले. त्यांनी कपडे वाळत घालायच्या दांडीवर धाग्याचे पाच-सहा वेढे घेतले आणि मग टोक बांधलं. बाटलीच्या बाजूला एका पेन्सिलीवर तसेच वेढे. आता भार वेढ्यांवर वाटला गेला, गाठीपर्यंत पोचेपर्यंत उरलाच नाही. धागा पुढच्या वेळी मधोमध तुटला. मी अण्णांची बोटं बघत राहिलो. तुटलेली दोन टोकं त्यांनी सहज जोडायला घेतली. डाव्या अंगठ्याखाली एक टोक दुसऱ्यावर आडवं, उजव्या हाताने एक फेरा, अंगठ्याने दाबून ओढ. झालं. गाठ एवढी बारीक की बोटाला लागेना. साच्यावर ही गाठ फणीतून सरळ निघून गेली पाहिजे, नाहीतर तिथेच तार पुन्हा तुटते आणि साचा पुन्हा थांबतो. चाळीस वर्षांपूर्वी हातातून सुटलेलं काम, हात ते विसरलेले नाहीत. पुतणीने ती गाठ शिकवायला सांगितली. तिला अजून येत नाही. मला तर मुळीच येत नाही.

मग ओल्या धाग्याची पाळी. पेल्यात भिजत ठेवलेला धागा काढायचा, दांडीला वेढे द्यायचे, ओतायला लागायचं. सुका धागा जिथे दम सोडायचा तिथे ओला शांत उभा राहायचा. वर आणखी पाणी झेलायचा, मगच तुटायचा. प्रत्येक वेळी असं झालं म्हणावं, तर नाही. एक ओला धागा सुक्याच्याही आधी गेला. पुतणी म्हणाली, हा लिहायचा नाही. अण्णा म्हणाले, “लिही. एका तारेवरनं खातं चालत नाय, पण तुटलेली तार हिशेबात धरतात.” तिने लिहिला आणि त्याच्यासमोर कंसात रागावलेला चेहरा काढला. पोलिस्टरचा धागा मात्र ओला काय, सुका काय, एकाच ठिकाणी तुटायचा.

आता कोडं राहिलं कागदाचं. ते सोडवायला मला माझ्या एका प्राध्यापक मित्राला फोन करावा लागला. कापूस आणि कागद दोन्ही सेल्युलोजचे, म्हणजे पोरीचं म्हणणं बरोबर. पण कागदात तंतू नुसते एकमेकांवर पसरलेले असतात, पीळ नसतो. त्यांना धरून ठेवतात ते तंतू-तंतूंमधले बारीक रासायनिक बंध, आणि पाणी नेमकं त्यांच्यात शिरतं. धाग्याला पीळ असतो. पाणी प्यायल्यावर कापसाचे तंतू फुगतात आणि पिळामुळे एकमेकांना अधिक घट्ट आवळतात. शिवाय तंतूच्या आत सेल्युलोजच्या ज्या लांब साखळ्या असतात, त्या ओलाव्याने जरा सैल होऊन ओढ सारख्या वाटून घेतात. कोरड्या तंतूत मोजक्या साखळ्यांवर सगळा भार येतो. आणि व्हिस्कोज, ज्याला कृत्रिम रेशीम म्हणत, तेही सेल्युलोजचंच, पण त्याच्या साखळ्या आखूड, म्हणून ते ओलं झालं की जवळजवळ अर्धी ताकद गमावतं. ही शेवटची गोष्ट मी पुतणीला सांगायला नको होती, पण ते पुढे.

अण्णांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मी सांगितलं तेच.” खरंच होतं. ताडदेवला १८५६ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी चालू झाली तेव्हापासून या शहराची घामट हवा हे गिरणीमालकांचं फुकटचं भांडवल होतं, आणि कमी पडली तर छपरातले फवारे होतेच. त्या दमट, तंतूंनी भरलेल्या हवेत श्वास घेऊन किती छात्या निकामी झाल्या, त्याचा तक्ता मात्र कुठल्या प्रदर्शनात लागला नाही. अण्णा अजून सकाळी खोकतात.

आता ‘आकर्षक’ उरलं. वहिनीला काळजी. दोरा, बाटली, बादली. यात बघण्यासारखं काय? काकांनी भोवती दिव्यांची माळ सोडायची तयारी दाखवली. पण गरज पडली नाही. धागा केव्हा तुटेल हे कोणाला सांगता येत नाही, आणि जे केव्हा होईल ते माहीत नाही ते बघायला माणूस उभा राहतो. पुतणीने टेबलावर वही ठेवली, ‘अंदाज लिहा’. ओल्या धाग्यासमोर पोरांनी हमखास कमी आकडे लिहिले, बाईंनीही. मग ती ओतायला लागायची. सगळे श्वास रोखून, आणि धपकन बाटली बादलीत. ज्वालामुखी एकदा फेसाळून मोकळे झाले होते, त्यांचे मालक इकडे येऊन उभे होते. एकदा बाटली बादलीच्या काठावर आपटली आणि पाणी परीक्षकांच्या बुटांवर उडालं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “बाळ, याचा दैनंदिन जीवनात उपयोग काय?”

“गिरणीत होतो,” ती म्हणाली.

“पिठाच्या?”

हे तिने घरी आल्यावर सांगितलं तेव्हा अण्णा आधी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गप्प झाले, मग रागावले. “कुठले आहेत हे परीक्षक? विचार जरा. लालबागचे असतील तर सांग मला.” शाळेच्या खिडकीतून न्यू हिंद मिलच्या जागेवरचे म्हाडाचे उंच मनोरे दिसतात, गिरणी कामगारांसाठीच बांधलेले. पण मनोऱ्यांवर ते कोणी लिहिलेलं नाही, आणि परीक्षक तरुण होते. पुतणीने त्यांना साचे, ताणा, खळ, फवारा सगळं समजावलं म्हणे, बाजूच्या सौरमालेची वेळ घेऊन. बक्षीस मिळालं ते हलत्या पवनचक्कीला. आमच्या तक्त्यावर ‘मांडणी सुधारावी’ असा शेरा आला. तक्त्याखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून बाईंचंच नाव लिहायचं असा नियम होता. तिने ते लिहिलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘शंका असल्यास : आजोबा, साचे खाते.’

वहिनीला पवनचक्कीचं वाईट वाटलं. मला वाटलं होतं की निदान आता बादली मोकळी होईल आणि दांडीवर कपडे वाळत घालता येतील. पण आजोबा-नातीचं व्हिस्कोजवर घोडं अडलंय. ओलं झाल्यावर ते खरंच अर्ध्यावर येतं का, हे बघितल्याशिवाय दोघांना झोप नाही. नुसता व्हिस्कोजचा धागा आमच्या भागात सुटा मिळत नाही. म्हणून दोघं सध्या चाळीतल्या प्रत्येकाच्या कपड्याच्या शिवणीकडे संशयाने बघतात, सुटलेलं टोक दिसलं की ओढतात आणि काडी लावून पारख करतात. काकूंच्या साडीचा एक पदर त्यात गेला. काल मी दिवाळीला घेतलेला शर्ट घालून गॅलरीत आलो. दुकानदाराने तो शंभर टक्के सुती म्हणून दिला होता. अण्णांनी बाही दोन बोटांत धरून चोळली आणि पुतणीला म्हणाले, “हा सुती नाय. काकाला सांग, काढून दे.”

शर्ट मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. किल्ली वहिनीकडे आहे, आणि वहिनीलाही आता उत्तर हवंय.